बाहेर म्हणायचं राहिलं

१

रविवारी सकाळी साडेनऊला मी गाळा उघडतो. आधी शटर कमरेइतकं वर, मग वाकून आत हात घालून दिवा, मग उरलेलं शटर. हा क्रम नानांचा. नाना म्हणजे माझे वडील. काळाचौकीच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर हा गाळा, आणि इथे त्यांनी वीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. आता आत माझी जुनी गाडी उभी असते आणि उरलेल्या जागेत घरातली अडगळ.

मी लोअर परळला एका उंच ऑफिस इमारतीची देखभाल बघतो. लिफ्ट, जनरेटर, एसी. प्रत्येक यंत्राची एक यादी असते आणि यादीवर खूण नसेल तर ते काम झालेलंच नाही, असं मी हाताखालच्या माणसांना सांगतो. पाठ वळली की ती माझी नक्कल करतात. करू देत.

यंदा मार्चमध्ये माझ्या बायकोनं, प्रितीनं, फर्मान काढलं. जूनपासून तिला गाळ्यात दहावीच्या गणिताचे वर्ग घ्यायचे होते.

"गाडी रस्त्यावर लावायची. आणि कोपऱ्यातला तो राक्षस भंगारात द्यायचा."

राक्षस म्हणजे नानांचा ट्रॉली जॅक. चार लोखंडी चाकांचा, गाडीखाली ढकलायचा, लांब दांड्यानं पंप मारला की तेलाच्या दाबावर गाडी उचलणारा. गोणपाटाखाली पडून त्याची पार गंजाची ढेप झाली होती.

"भंगारात नको," मी म्हणालो. "दुरुस्त करतो."

"चौदा वर्षं हात लावला नाहीस, संघर्ष. आता वरातीमागून घोडं कशाला?"

मी नुसतं गोणपाट झटकलं.

२

नानांच्या जॅकचा दांडा पिळला की झडप उघडायची आणि गाडी खाली बसायची. गल्लीतून कोणीही येणार, कोणाचाही धक्का लागणार. म्हणून त्यांचा एक नियम होता. जो गाडीखाली शिरेल त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "आत." दांड्यापाशी उभा असेल त्यानं दांडा पकडून म्हणायचं, "धरलंय." काम संपवून बाहेर येऊन उभं राहिल्यावर, त्याआधी नाही, खालच्यानं म्हणायचं, "बाहेर." मग वरचा म्हणणार, "सोडतो."

आधाराला लोखंडी घोड्या लावलेल्या असल्या तरी नियम तोच. "घोडीला कान नसतात," नाना म्हणायचे. गिरणीत फिटर असताना त्यांनी काहीतरी बघितलं होतं. काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मी अंगानं बारीक, त्यामुळे कॉलेजात जायला लागल्यापासून शिरणारा मी आणि धरणारे नाना. खालून मला त्यांचे फक्त पाय दिसायचे. निळ्या पट्ट्याची स्लीपर, उजवीचा पट्टा तारेनं बांधलेला. टाचांच्या भेगांत काळं तेल. त्या पायांकडे बघत मी त्यांना कॉलेजातल्या गोष्टी सांगायचो, ज्या तोंडासमोर उभा राहून कधीच सांगू शकलो नसतो. वरून हुंकार यायचा. आमचं जे काही बोलणं झालं ते असंच झालं.

मला ते पाय फार आठवतात. चेहऱ्यापेक्षा जास्त.

३

दोन रविवार जॅक उघडण्यात गेले. रॉकेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. गंजाखालून निळा रंग निघाला, नानांनी स्वतः मारलेला, आणि मला एकदम भरून आलं. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग करणारे दौलतकाका चहाचा ग्लास घेऊन बघायला आले.

"जयभीम. काय रे, नानाचा जॅक? सील बदललेस?"

"नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणलेत."

"ब्रेक ऑइल नको घालू हां. सील फुगतात आणि सगळा ऱ्हास. हायड्रॉलिकचंच घाल."

मी सगळे भाग कागदावर ओळीनं मांडले होते. पंपाचा दट्ट्या, झडपेची गोळी, वॉशर. तेव्हा पहिल्यांदा तो आवाज आला. कटकट, कटकट. मग थांबणं. मग पुन्हा कटकट. पाना अडचणीच्या जागी पाव वळसा फिरवायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा, तसा.

गाडीखालून येत होता. जॅक तर माझ्यासमोर सुट्टा पडलेला. गाडी चार चाकांवर, खाली वीतभर जागा. मी आडवा होऊन टॉर्च मारला. तेलाचा डाग, एक वाळलेलं पान, बाकी काही नाही.

घूस असणार. काळाचौकीत घुशी मांजरांना भीत नाहीत, आवाज करायला कशाला भितील? मी कागदावर लिहिलं: घुशीचं औषध. आणि पुढचा वॉशर उचलला.

४

तिसऱ्या रविवारी जॅक जोडून झाला. तेल भरलं, झडप उघडी ठेवून दांडा वीसेक वेळा मारला म्हणजे आतली हवा निघते, मग झडप आवळली. जॅक गाडीच्या पुढच्या बाजूला ढकलला आणि पंप मारला. गाडी उचलली गेली. अगदी सहज. मी एकटाच मोठ्यानं हसलो. नाना असते तर म्हणाले असते, दात काय काढतोस, गळती बघ. मी गळती बघितली. थेंबही नव्हता.

मग खाली घ्यायला दांडा पिळला. गाडी खाली येईना.

दोन वळसे, तीन वळसे. झडप पूर्ण उघडलेली, वर नऊशे किलोची गाडी, आणि जॅक ढिम्म. असं होत नाही. तेलाला परत जायला वाट आहे, वजन आहे, मग गाडी अडायला कारण हवं. दौलतकाकांना बोलावलं.

"गाडी उचलणारा रॅम जाम असेल," ते म्हणाले आणि दांडा हातात घेतला. फिरवण्याआधी थांबले. "खाली कोण नाय ना?"

"काका, तुम्ही मी दोघंच आहोत."

"सवय रे." तरी ते वाकून बघून आले. मग दांडा फिरवला, हिसका दिला, जॅकला लाथ घातली. काही नाही. त्यांनी दांडा माझ्या हातात दिला आणि तळवे पँटला पुसले.

"गरम लागतोय," ते म्हणाले. "कोणी आत्ताच सोडल्यासारखा."

मी म्हणालो, मीच तर धरला होता. ते हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते चहा घेऊन आले नाहीत.

५

झडप आवळून ठेवली आणि घरी जाऊन आईला सहज सांगितलं, नानांचा जॅक वर जातो, खाली येत नाही. आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

आता त्या दिवसाबद्दल सांगायला हवं. मी बावीस वर्षांचा होतो. दुपारी तीनला परळला मुलाखत होती आणि गाळ्यात एक टॅक्सी वर चढवलेली. नाना म्हणाले, ही झाली की जा. मी म्हणालो, मला तुमच्यासारखं जन्मभर गाडीखाली लोळायचं नाही. मी तोंड वाकडं करून खाली शिरलो आणि शिवी घालावी तसं "आत" म्हणालो. "धरलंय," ते म्हणाले. अर्ध्या कामात मी पाना टाकला, मागच्या बाजूनं सरपटत निघालो आणि बोळाकडच्या दारातून गेलो. "बाहेर" म्हणालो नाही. मुद्दाम म्हणालो नाही. नोकरी मिळाली. तिच्यावरच आजवर घर चाललं.

आईनं मला पुढचं कधी सांगितलं नव्हतं.

"मी चहा घेऊन गेले तर हे दांडा धरून उभे. म्हटलं, ग्लास तरी घ्या. म्हणे, पोरगा आत आहे. म्हटलं, अहो, शेजारच्या कांतानं त्याला बसमध्ये चढताना बघितलं! तर म्हणे, बाहेर म्हणाला नाही तो. म्हटलं, मग वाकून बघा ना. तर म्हणे, वाकलं की हात सुटतो."

"किती वेळ?"

"दिवाबत्तीपर्यंत. दुपारपासून. शेवटी मीच खोटं सांगितलं की पोरगा वर येऊन जेवतोय. तेव्हा सोडलं. पण गाडी खाली घेतली नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी दौलतनं घेतली." तिनं भाजीची जुडी पुन्हा उचलली. "त्यानंतर गॅरेजमध्ये मन लागलं नाही त्यांचं."

तीन वर्षांनी नाना गेले. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताची मूठ उघडेना. नर्सनं दोनदा प्रयत्न केला, मग ऑक्सिजन मोजायचा चिमटा डाव्या हाताच्या बोटाला लावला. मी बाजूला उभा होतो आणि मला वाटलं, थंडी वाजत असेल.

६

चौथ्या रविवारी कटकट फारच जवळून येऊ लागली. घूस असो वा नसो, बघायला हवं होतं. घोड्या कधीच विकल्या गेल्या होत्या. कमरेला पट्टा नसेल तर माणसाला शिडीवर चढू न देणारा मी, नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली पाठीवर सरकलो. आणि तोंडून सवयीनं निघालं, "आत."

"धरलंय."

वरून. समोरून. जरा घोगऱ्या आवाजात.

मी मान वळवली. जॅकच्या पलीकडे, दांड्यापाशी, दोन पाय होते. निळे पट्टे. उजवीचा तारेनं बांधलेला. टाचांच्या भेगांत काळं तेल.

मी घाबरलो, हे खरं. छाती अशी धडधडत होती की वाटलं तिच्याच दणक्यानं गाडी खाली येईल. पण त्याहून खरं हे, की मला आनंद झाला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी म्हणालो, नाना. उत्तर आलं नाही, ते तसंही देत नसत. मग मी बोलत सुटलो. प्रितीबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल, ऑफिसातल्या त्या नक्कल करणाऱ्या पोरांबद्दल. मध्येच एकदा हुंकार आला.

तासाभरानं मी सरकून बाहेर आलो. दांड्यापाशी कोणी नव्हतं. दांड्याची मूठ ओली होती.

मला काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. ते म्हटलं की नाना सोडणार आणि जाणार. मी शटर ओढलं आणि गप्प घरी गेलो.

७

असे पाच रविवार. प्रितीला सांगायचो, अजून गळती आहे. ती म्हणायची, गळती तुझ्या डोक्यात आहे. खोटं नव्हतं ते.

मी वेडा नाही. मी फोन लावून ठेवला आणि रेकॉर्ड केलं. घरी ऐकलं तर "धरलंय" कुठेच नव्हतं. माझं बोलणं होतं, कटकट होती, आणि माझं "आत" होतं. दोनदा. पहिलं जरा बारीक, तुटक, फोन सुरू केल्या केल्या, मी अजून गाडीबाहेर उभा असताना. मी स्वतःला सांगितलं, पत्र्याच्या शटरनं गाळ्यात आवाज घुमतो. घुमलेला आवाज मूळ आवाजाच्या आधी कसा येईल, हा प्रश्न मी यादीत घातला नाही.

कटकट माझ्या कानाशी, हातभर अंतरावर चालायची. मी तिकडे बघायचो नाही. माझं लक्ष पायांवर.

आणि पाय थकत चालले होते. त्या पाचांतल्या तिसऱ्या रविवारी उजवी पोटरी थरथरताना दिसली. चौथ्या वेळी भार एका पायावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. जॅकच्या रॅमवर मी खडूनं खूण केली होती, ती गाडी दोन सूत खाली आल्याचं दाखवत होती. गळती तर नव्हती. म्हणजे म्हातारा दमला होता, आणि मी त्याला माझ्या हौसेसाठी उभा ठेवला होता. पुन्हा. एकदा रागानं, आता प्रेमानं. उभं राहणाऱ्याला त्यात काय फरक?

पाचव्या रविवारी खालून विचारलं, "नाना, जरा वाकता? एकदा बघू द्या ना." पाय हलले. गुडघे किंचित वाकले, लेंग्याची कड जमिनीला लागली, आणि एक हात खाली येऊ लागला, बोटं मुठीत मिटलेली. त्याच क्षणी माथ्यावरचं लोखंड करकरलं आणि गाडी बोटभर खाली आली. हात झटकन वर गेला. "धरलंय," ते म्हणाले. धापा टाकत.

मी तिथेच पडून रडलो. वाकलं की हात सुटतो, हे आईनं सांगितलं होतं मला.

८

काल शेवटचा रविवार. सुतार दुपारी प्रितीची बाकं आणणार होता. मी ठरवून गेलो. आत शिरलो नाही, कारण शिरलो असतो तर ते पाय बघून निश्चय ढळला असता. हे सगळ्यात कठीण होतं. "बाहेर" बाहेरूनच म्हणायचं असतं, आणि बाहेरून ते दिसत नाहीत.

दांड्यासमोर उभा राहिलो.

"बाहेर," मी म्हणालो. आवाज चिरकला. पुन्हा म्हणालो, नीट, त्यांना ऐकू जाईल असं. "बाहेर आलो, नाना. तेव्हा म्हणायला हवं होतं. चुकलो."

वर चाळीत कोणाच्या तरी कुकरची शिटी झाली. मग माझ्या खांद्याशी एक लांब श्वास, डोक्यावरची घागर उतरवताना बाई सोडते तसा.

"सोडतो."

दांडा आपसूक पाव वळसा फिरला. गाडी खाली येऊ लागली. नानांच्या पद्धतीनं, बॉनेटवर ठेवलेला चहा सांडू नये इतकी हळू. मी डोळे पुसत बघत होतो. मला हलकं वाटत होतं. सतरा-अठरा वर्षं आवळून धरलेलं काहीतरी माझंही सुटत होतं, आणि मी मनात म्हणालो, जा आता, बसा कुठेतरी निवांत.

चाकं टेकायला वीतभर राहिलं असेल. गाडीखालून आवाज आला.

"आत."

बारीक, तुटक. शिवी घालावी तसा.

तो आवाज मी ओळखला. कोण नाही ओळखणार स्वतःचा? त्यामागोमाग कटकट सुरू झाली. पाना पाव वळसा, थांबणं, पुन्हा पाव वळसा. गाडी खाली येतच होती. कटकट अडखळली, लोखंडाखाली काहीतरी घासलं, आणि छाती दबलेला माणूस घेतो तसा अर्धाच श्वास ऐकू आला.

मी झेप घेऊन दांडा पकडला, झडप आवळली आणि पंप मारला. एकदा, दोनदा, दहा वेळा. गाडी वर गेली. श्वास मोकळा झाला. कटकट पुन्हा लागली, तशीच रागानं.

नाना माझ्यासाठी उभे नव्हते. रविवारी कोण येऊन गप्पा मारतो त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते धरून होते त्या दिवशी आत गेलेल्याला. आणि मी त्यांना खोटं सांगून मोकळं केलं, आईसारखंच.

"धरलंय," मी म्हणालो.

"कोणाला धरलंयस?" दारात प्रिती होती, मागे सुतार, हातगाडीवर बाकं. "अरे, घे ना खाली ती गाडी. काय अडकलंय?"

"थोडं थांब."

"किती?"

त्यानं "बाहेर" म्हटलं की लगेच, मी मनात म्हणालो. तो म्हणणार नाही. तो मागच्या बाजूनं निघून जाईल, मुद्दाम, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि तो गेला की अजून आहे, हे इथून कळायचा मार्ग नाही. हातांना घाम सुटला होता. पोटऱ्या आतापासूनच भरून येत होत्या.

"संघर्ष, वाकून बघ तरी काय आहे ते," प्रिती म्हणाली.

मी वाकलो नाही. वाकलं की हात सुटतो.